मेंढराच्या पोटांतील बिऱ्हाडकरू

उन्हाळा लागला म्हणजे मेंढपाळाच्या कळपाला माळावर जें मिळतें त्याला खाद्य म्हणणें हें एक प्रकारचें औदार्यच होय. कुसळी गवताच्या वाळलेल्या काड्या, पिकें निघून गेल्यावर उरलेलीं धसकटें, फार तर कोणा शेतकऱ्याच्या मेहेरबानीनें मिळालेला जुना कडबा. प्रौढ मेंढी एवढ्यावर कसाबसा जीव धरते; पण नुकतेंच आईच्या दुधावरून तुटलेलें कोंकरूं मात्र अशा चाऱ्यावर वाढत नाहीं. पोट भरलेलें दिसतें आणि अंग भरत नाहीं. ही अडचण केवळ दख्खनच्या पठाराची नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या विस्तीर्ण कुरणांत, मध्यपूर्वेच्या ओसाड टेंकड्यांवर, आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यांत, जेथें जेथें मनुष्य मेंढरें पाळतो तेथें तेथें वर्षाचे कांहीं महिने तोच प्रश्न उभा राहतो. निकृष्ट चारा कोंकराच्या अंगीं कसा लावावा ?

या प्रश्नाला अलीकडे एक उत्तर मोठ्या आग्रहानें सुचविलें जातें. तें असें कीं, चाऱ्याबरोबर उपकारक सूक्ष्म जंतु जिवंत स्थितींत जनावराच्या पोटांत सोडावे. म्हणजे काडीचें सोनें होईल. अशा जंतूंना ‘प्रोबायोटिक’ असें नांव मिळालें असून त्यांच्या पुड्या बाजारांत विकत मिळतात. या उत्तरांत खरें किती आणि मनोराज्य किती, हें समजून घेण्यास गेल्या पावणेदोनशें वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

प्रथम पोटाविषयीं चार शब्द. मनुष्याला एकच जठर असतें. गाय, म्हैस, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांपैकीं पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. घाईघाईनें खाल्लेला चारा प्रथम या कोठींत जाऊन पडतो, तेथून तो पुन्हां तोंडांत येतो, सावकाश चघळला जातो व परत आंत जातो. आश्चर्याची गोष्ट ही कीं, या कोठीपोटाला पाचक रस मुळींच नाहीं. गवताचा मुख्य भाग जें सेल्युलोज, तें विरघळविणारा पदार्थ मेंढीच्या शरीरांत कोठेंही तयार होत नाहीं. म्हणजे गवतावर जगणाऱ्या प्राण्याला गवत पचवितां येत नाहीं ! मग तें पचवितो कोण ?

शास्त्राला याचें उत्तर सांपडण्यापूर्वीं शेतकऱ्याला तें अर्धेमुर्धें ठाऊक होतें. एखाद्या गाईचें रवंथ बंद पडलें म्हणजे निरोगी गाईच्या तोंडांतून रवंथाचा गोळा काढून तो आजारी गाईला भरविण्याची चाल यूरोपांतील खेड्यांतून जुन्या काळापासून होती. गोळ्यांत काय आहे हें भरविणाऱ्यास माहीत नव्हतें. परंतु एका जनावराच्या पोटांतील कांहींतरी दुसऱ्याच्या पोटांत गेलें म्हणजे थांबलेलें यंत्र पुन्हां चालूं लागतें, एवढें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें.

हें ‘कांहींतरी’ प्रथम दृष्टीस पडलें तें १८४३ सालीं, पॅरिसमध्यें. डेव्हिड ग्रुबी हा हंगेरींतून आलेला वैद्य आणि ओनेझीम देलाफोन हा आल्फोर येथील पशुवैद्यक विद्यालयाचा अध्यापक, या दोघांनीं रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटांतील पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं धरला आणि त्यांत चपळाईनें पोहणारे असंख्य सूक्ष्म प्राणी पाहिले. पाश्चरचें जंतुशास्त्र अद्याप जन्मास यावयाचें होतें. त्यामुळें हे प्राणी तेथें काय करतात, याचा उलगडा होण्यास पुढें बराच काळ लागला.

दुसरी पायरी १८८४ सालीं म्यूनिकच्या टाप्पायनर यानें गाठली. त्यानें दाखविलें कीं, कोठीपोटांत गवताचें सेल्युलोज आंबतें व त्यापासून शिर्क्यांतील अम्लासारखीं उडून जाणारीं अम्लें निर्माण होतात. परंतु हीं अम्लें जनावराच्या कामीं येतात कीं वायां जातात, हा वाद पुढें साठ वर्षें टिकला. त्याचा निकाल दुसरें महायुद्ध चालूं असतां केंब्रिज येथें लागला. रक्ताच्या श्वसनकार्यावरील संशोधनानें नांवाजलेले सर जोसेफ बारक्रॉफ्ट, आणि त्यांचे सहकारी मॅक्अॅनली व फिलिप्सन यांनीं मेंढ्यांच्या कोठीपोटाकडून निघणाऱ्या रक्ताची तपासणी केली. त्या रक्तांत हीं अम्लें भरपूर सांपडलीं. १९४४ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें आणि मेंढीच्या जीवनाचें रहस्य उघड झालें. मेंढीला लागणाऱ्या शक्तीचा सुमारें शेंकडा ७० भाग या अम्लांतून मिळतो असें आज मानलें जातें. गवत जंतु खातात, आणि जंतूंनीं टाकलेल्या अम्लावर मेंढी जगते !

एवढ्यानें गोष्ट संपत नाहीं. वाढत्या कोंकराला शक्तीबरोबर मांस बनविणारीं प्रथिनेंही हवींत, आणि वाळल्या काडींत तीं जवळजवळ नसतात. १८९१ सालीं जर्मन शास्त्रज्ञ त्सुंट्स यानें अशी कल्पना मांडली कीं, कोठीपोटांतील जंतु साध्या नत्रयुक्त पदार्थांपासून स्वतःच्या शरीराचीं प्रथिनें बनवीत असावेत. हे जंतु चाऱ्याबरोबर पुढील कप्प्यांत वाहत जातात व तेथें स्वतःच पचून जातात. मालकाला पोसणारे हे बिऱ्हाडकरू अखेर मालकाच्याच मुखीं पडतात, असें म्हणावयाचें. या कल्पनेचा निर्णायक पुरावा १९४९ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत लूझली व त्यांचे सहकारी यांनीं दिला. त्यांनीं कोंकरांना व करडांना असें खाद्य दिलें कीं, त्यांत प्रथिन मुळींच नव्हतें. नत्र होतें तें केवळ युरियाच्या रूपानें. तरीही आवश्यक समजलीं जाणारीं दहाही ॲमिनो अम्लें त्यांच्या पोटांत तयार झाल्याचें दिसून आलें. पुढें १९६६ सालीं फिनलंडच्या व्हिर्तानेन यांनीं गाईंना प्रथिनरहित खाद्यावर ठेवून त्यांच्यापासून दूधही मिळविलें.

आतां प्रश्न उरला तो या बिऱ्हाडकरूंची ओळख पटविण्याचा. तें काम अवघड होतें, कारण यांतील बहुतेकांना प्राणवायु म्हणजे विष. उघड्या हवेंत ठेवलेल्या कांचेच्या बशींत ते वाढतच ना. अमेरिकेंतील रॉबर्ट हंगेट यांनीं प्रथम वाळवीच्या पोटांतील लांकूड पचविणाऱ्या जीवांचा अभ्यास केला आणि मग ते गुरांकडे वळले. नळींतील हवा पूर्णपणें काढून टाकून, तिच्या आंतल्या बाजूस पोषक द्रव्याचा पातळ थर चढवून, त्यावर हे जंतु वाढविण्याची युक्ति त्यांनीं १९४० नंतरच्या दशकांत सिद्ध केली. सेल्युलोज फोडणारे खरे कारागीर तेव्हां प्रथम हातीं लागले. या लोकवस्तीची दाटी केवढी म्हणावी ! कोठीपोटांतील एका घनसेंटिमीटर द्रवांत अब्जावधि जंतु असतात. १९७५ सालीं इंग्लंडांत कॉलिन ऑर्पिन यांनीं दाखवून दिलें कीं, मेंढीच्या पोटांत सांपडणारे कांहीं पोहणारे जीव हे प्राणी नसून बुरशीचीं बीजें आहेत. प्राणवायूवांचून जगणारी बुरशी असूं शकते, हेंच तोंवर कोणास खरें वाटलें नसतें. ही बुरशी काडीच्या आंत आपलीं मुळें घुसवून ती उकलते, आणि तिनें पाडलेल्या फटींतून जंतूंना आंत शिरतां येतें.

इतकें कळल्यावर चारा सुधारण्याचे दोन मार्ग मनुष्यापुढें उघडे झाले. एक, काडीच मऊ करून जंतूंच्या स्वाधीन करणें. दुसरा, अधिक कुशल जंतु पोटांत नेऊन सोडणें.

पहिला मार्ग जुना आहे. पहिल्या महायुद्धांत जर्मनीची नाकेबंदी झाली, तेव्हां धान्य माणसांनाच पुरेना; गुरांना कोठून मिळणार ? तेव्हां रसायनशास्त्रज्ञ एर्न्स्ट बेकमान यानें गव्हाचा पेंढा दाहक सोड्याच्या सौम्य, थंड द्रावणांत भिजवून मग पुष्कळ पाण्यानें धुण्याची पद्धत बसविली. त्यामुळें पेंढ्याचा जेमतेम शेंकडा ४५ भाग पचत असे तो ७० च्या आसपास पचूं लागला. दुसऱ्या महायुद्धांत नॉर्वेच्या शेतकऱ्यांनीं याच पद्धतीवर आपलीं गुरें जगविलीं. मात्र तिला पाणी फार लागे, आणि धुतांना पेंढ्यांतील कांहीं सत्त्वही वाहून जाई. पुढें तिची जागा युरियाच्या प्रक्रियेनें घेतली. शंभर किलो पेंढ्यावर सुमारें चार किलो युरिया पाण्यांत पूर्ण विरघळवून शिंपडावयाचा, ढीग हवाबंद झांकावयाचा, आणि सुमारें तीन आठवड्यांनीं उघडावयाचा. काडी मऊ होते व जंतूंना लागणारें नत्रही तींत शिरतें.

दुसऱ्या मार्गाची प्रेरणा मात्र गोठ्यांतून न येतां माणसाच्या ताटावरून आली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील मेच्निकॉफ यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं असें प्रतिपादन केलें कीं, आंबविलेल्या दुधांतील जंतु आंतड्यांतील घातक जंतूंना हटवितात व त्यामुळें आयुष्य वाढतें. ताक-दह्यावर वाढलेल्या आपल्या घरांतून या मताचें स्वागत सहज झालें असतें. जनावरांच्या बाबतींत १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंतील ओहायो येथें पाउंडन व हिब्स यांनीं वासरांना मोठ्या गाईच्या रवंथाचे गोळे भरवून पाहिले. जुन्या शेतकऱ्यांचीच ही चाल. आतां ती शास्त्राच्या देखरेखीखालीं आली. दुसऱ्या पोटांतले जीव वासरांत लवकर येतात, हें दिसलें. परंतु कोणते जीव वस्ती करतात हें वासराला खावयास काय मिळतें यावरही अवलंबून असतें, हेंही तेव्हांच दिसलें. ही दुसरी गोष्ट पुढच्या उत्साहांत बरीच विसरली गेली.

याच सुमारास पशुखाद्यांत प्रतिजैविक औषधें अल्प प्रमाणांत मिसळून वाढ लवकर साधण्याची टूम निघाली. तिच्या उलट बाजूस, म्हणजे जंतु मारण्याऐवजीं जंतु पुरविण्यास, १९७४ सालीं पार्कर यांनीं ‘प्रोबायोटिक’ हा शब्द लाविला. युरोपीय संघानें १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीं प्रतिजैविकें देण्यास बंदी केली, आणि जंतूंच्या पुड्यांना मोठी बाजारपेठ खुली झाली.

पण पोटांत जंतु नेऊन सोडला म्हणजे तो तेथें राहतो काय ? या प्रश्नाचीं दोन उत्तरें ऑस्ट्रेलियांतच मिळालीं, आणि तीं परस्परांच्या अगदीं उलट आहेत.

पहिलें उत्तर सुबाभळीचें. उरुळीकांचन येथें १९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं स्थापन केलेल्या बाएफ संस्थेनें हें झाड महाराष्ट्रांत खेडोपाडीं पोंचविलें, म्हणून आपल्याकडे तें परिचित आहे. याचीं पानें प्रथिनांनीं समृद्ध असतात, आणि उन्हाळ्यांतही हिरवीं राहतात. परंतु त्यांत मिमोसीन नांवाचें विष असतें. ऑस्ट्रेलियांत १९६४ सालीं हेगार्टी व सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, हा पाला भरपूर खाणाऱ्या मेंढ्यांची लोंकर गळून पडते. पोटांत मिमोसीनचें रूपांतर दुसऱ्या विषारी द्रव्यांत होऊन जनावरांची कंठग्रंथि सुजते आणि वाढ खुंटते, हेंही पुढें समजलें. टाउन्सव्हिल येथील शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांना एक विसंगति खटकली. हवाई बेटांवर हेंच झाड रानोमाळ उगवतें, शेळ्या त्यावर यथेच्छ चरतात, आणि त्यांना कांहीं होत नाहीं. झाड तेंच, प्राणी तोच. मग फरक कोठें? १९८१ सालीं जोन्स यांनीं असें मत मांडलें कीं, फरक पोटांतील जंतूंत असला पाहिजे. हवाईतील शेळ्यांच्या पोटांतील जंतु ऑस्ट्रेलियांत नेण्यांत आले. ते तेथील गुरांच्या व शेळ्यांच्या पोटांत सोडतांच विषाचा नाश होऊं लागला, आणि एका जनावरापासून दुसऱ्याकडे तो जंतु आपोआप पसरूंही लागला. १९८६ सालीं या यशाची हकीकत प्रसिद्ध झाली. १९९२ सालीं त्या जंतूला जोन्स यांच्या स्मरणार्थ नव्हे, तर त्यांच्या हयातींतच सन्मानार्थ ‘सिनर्जिस्टिस जोन्सी’ असें नांव देण्यांत आलें.

या यशालाही पुढें पुरवणी जोडावी लागली. हा जंतु इतरत्रही अल्प प्रमाणांत वास करून असतो, आणि संवयीनें जनावराचें यकृतही त्या विषाला बांधून निरुपद्रवी करतें, असें अलीकडील संशोधनांत आढळल्यामुळें, प्रत्येक कळपाला बाहेरून जंतु देण्याची गरज आहे काय, असा प्रश्न २०१९ सालीं शास्त्रज्ञांनींच उपस्थित केला. तरीही जोन्स यांच्या प्रयोगाचें महत्त्व कमी होत नाहीं. तो जंतु टिकला, कारण त्याचें भक्ष्य तेथें होतें आणि तें खाणारा दुसरा कोणी त्या घरांत नव्हता. खोली रिकामी होती. बिऱ्हाड आलें आणि राहिलें.

दुसरें उत्तर २००१ सालीं प्रसिद्ध झालें. सेल्युलोज फोडण्यांत वाकबगार असलेले रुमिनोकॉकस जातीचे जंतु मेंढ्यांच्या पोटांत एकदां नव्हे, पुनःपुन्हां सोडण्यांत आले. अपेक्षा ही कीं, निकृष्ट चारा अधिक पचेल. पण बाहेरून आलेले जंतु तेथें टिकले नाहींत. कां टिकावे ? सेल्युलोज खाणारांची त्या घरीं आधींच गर्दी होती. हजारों पिढ्या तेथें नांदलेले रहिवासी नव्या उमेदवाराला जिना चढूं देत नाहींत. मुंबईच्या चाळींत खोली शोधलेल्या माणसाला हा न्याय समजावून सांगण्याची गरज नाहीं.

मग मोठ्या मेंढीच्या पोटाचीं दारें बंद असतील, तर तीं उघडीं असतात केव्हां ? याचें उत्तर कोंकरापाशींच आहे. जन्मतेवेळीं कोंकराचें कोठीपोट लहान व निरुपयोगी असतें. दूध त्याला वळसा घालून एका पन्हळीनें थेट चौथ्या कप्प्यांत जातें. परंतु तें घर फार दिवस रिकामें राहत नाहीं. फ्रान्समध्यें फोंती व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत दाखविलें कीं, कोंकराच्या तोंडाला गवत लागण्यापूर्वींच, वयाच्या पहिल्या आठवड्यांत, सेल्युलोज फोडणारे जंतु त्याच्या पोटांत येऊन पोंचतात. आईचें चाटणें, तिची लाळ, वाड्यांतील जमीन हेच त्यांचे मार्ग. ग्रुबी व देलाफोन यांनीं पाहिलेले ते पोहणारे प्राणी तर मोठ्या जनावराच्या सहवासावांचून येतच नाहींत. जन्मतांच वेगळें ठेवलेलें कोंकरूं त्यांच्याविनाच वाढतें. म्हणजे आई कोंकराला दूध देते तशी एक न दिसणारी इस्टेटही देते.

या कोंवळ्या काळांतच बाहेरच्या मदतीला अवसर असतो. फोंती व शोशेरास-द्युरां यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मोजक्याच जंतूंनिशीं वाढविलेल्या कोंकरांना पाव फुगविणाऱ्या यीस्टच्या जातीचें एक वाण रोज देण्यांत आलें. त्यांच्या पोटांत सेल्युलोज फोडणारे जंतु लवकर स्थिरावण्याकडे कल दिसला. येथें ध्यानांत ठेवावयाचें तें हें कीं, यीस्ट स्वतः काडी पचवीत नाहीं, आणि पोटांत कायमची वस्तीही करीत नाहीं. म्हणूनच तें रोज द्यावें लागतें. चाऱ्याबरोबर आंत शिरलेला थोडासा प्राणवायु तें शोषून घेतें व खऱ्या कारागिरांना सोयीचें वातावरण करून देतें, असें स्कॉटलंडांतील न्यूबोल्ड व वॉलेस यांच्या १९९६ सालच्या संशोधनावरून दिसतें. यीस्टचीं जीं वाणें प्राणवायु घेऊं शकत नव्हतीं, त्यांचा जंतूंच्या वाढीला उपयोगही झाला नाहीं. यीस्ट हा बिऱ्हाडकरू नव्हे. रोज येऊन घर झाडून जाणारा गडी आहे. त्याचा लाभ मोठ्या कळपांत कधीं दिसतो, कधीं दिसत नाहीं. आणि दिसतो तेव्हांही तो बेताचाच असतो.

दोन मर्यादा तर कोणत्याही पुडीला ओलांडतां येत नाहींत. काडीला कठीणपणा देणारें जें लिग्निन, तें फोडण्यास प्राणवायु लागतो, आणि कोठीपोटांत तो नाहीं. म्हणून तेथील कोणताही जंतु त्यापुढें जवळजवळ हतबलच. दुसरी मर्यादा नत्राची. खाद्यांत शेंकडा सात-आठ भाग प्रथिन नसेल तर जंतूंचीच उपासमार होते, मग ते काडी काय फोडणार ? कडब्यांत व पेंढ्यांत प्रथिन याहून पुष्कळ कमी असतें. उपाशी मजुरांच्या कारखान्यांत आणखी मजूर भरती केल्यानें माल वाढत नाहीं. मूठभर पेंड, थोडा हिरवा पाला, किंवा बेतानें प्रक्रिया केलेला पेंढा मिळाला, तर तेच जुने मजूर कामाला लागतात.

या साऱ्या इतिहासाचें तात्पर्य मेंढपाळाला निराश करणारें नाहीं. केवळ पैसा कोठें खर्चावा याचा क्रम तें सांगतें. पुडी विकत घेण्यापूर्वीं पेंडीचा विचार करावा. कोंकराला आईपासून व कळपापासून फार लवकर तोडूं नये, कारण जगांतील सर्वांत जुनें व फुकट मिळणारें प्रोबायोटिक तिच्या जिभेवर आहे. दूध तुटण्यापूर्वींच त्याच्या तोंडाला थोडा चांगला चारा लावावा, म्हणजे नव्या घरांत आलेलें बिऱ्हाड उपाशी राहणार नाहीं. आणि विकत घेतलेल्या जंतूविषयीं एकच प्रश्न विचारावा : त्याच्यासाठीं घरांत जागा रिकामी आहे काय ? सुबाभळीच्या विषाच्या बाबतींत ती होती, म्हणून एका बेटावरील शेळ्यांच्या पोटांतला जीव समुद्रापार जाऊन उपयोगी पडला. जेथें ती नाहीं, तेथें आधीं पोटोबा हाच नियम खरा. फरक इतकाच कीं, येथें तो पोटोबा मेंढराचा नसून त्याच्या पोटांत राहणाऱ्यांचा आहे.